सात नंबर, दोननं पुढं

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून असा एकही माणूस नसेल, ज्याला माझ्या साडूंनी "मोजलंत का?" असं विचारून वैताग आणला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कर्जतजवळच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. विज्ञानाच्या सरांपुढं हव्या त्या बरण्या मांडायच्या आणि तास संपला की नळ्या विसळून ठेवायच्या, एवढंच काम. पण लोक खिशाला पेन लावतात तिथं हा माणूस थर्मामीटर लावायचा. चौक गावी एका लग्नात वाढपी "गार मठ्ठा, गार मठ्ठा" करत आला, तर यांनी आपल्या वाटीत ती नळी बुडवली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "एकतीस हाय. गार कुठला?" मुलीचा बाप पार कावराबावरा झाला. एकदा सगळे हौसेनं माथेरानला गेलो. बायका घोड्यांचा भाव करतायत, आणि हे हॉटेलच्या ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवून पाणी उकळतायत. "सत्त्याण्णवलाच उकळलं! शंभराची वाटच नाय बघितली!" असं इतक्या जोरात ओरडले की एक घोडं बिथरलं. मग उंचावर पाणी लवकर का उकळतं, हे त्या घोडेवाल्याला तासभर समजावत बसले. तो बिचारा ऐकतही होता.

माझी कडावला दुधाची डेअरी आहे, एवढं सांगितलं की पुढचं तुमच्या लक्षात येईल. साडू पहिल्यांदा डेअरीवर आले ते शाळेतला लॅक्टोमीटर घेऊनच. दुधात पाणी किती ते सांगणारी ही काचेची नळी म्हणजे आमच्या धंद्यातला साक्षात यम. पाच-सहा गिऱ्हाइकं बरण्या घेऊन उभी, आणि यांनी ती कॅनमध्ये सोडली. "सव्वीस," म्हणाले. "चांगल्या दुधाला तीस तरी पायजे." मी म्हटलं, "म्हशी पाणी जास्त प्यायल्या असतील हो." त्यावर शांतपणे म्हणाले, "म्हशी प्यायल्या तर ते मुतात जातं, दुधात नाय." गिऱ्हाइकं हसली. मी वर्षभर त्यांच्याकडे गेलो नाही. आता सांगायला हरकत नाही, सव्वीस बरोबरच होतं.

पण शाळेत हा माणूस वेगळाच. बाकी ठिकाणी परीक्षानळ्या कपाटातच म्हाताऱ्या होतात. किल्ली हेडमास्तरांच्या खणात, आणि मुलांनी काचेतून बघून हात जोडायचे. यांचं कपाट सताड उघडं. डोंगरातल्या वाडीवरून चालत आलेली पोरंसुद्धा पहिल्याच दिवशी हातात चंचुपात्र घेऊन उभी. काच फुटली की पोरगं पांढरंफटक पडायचं, आणि हे विचारायचे, "बोट शाबूत हाय ना? मग झाडू आण नि दुसरी घे." नियम एकच, दिसलं तेच लिहायचं. "सर, उत्तर किती यायला पाहिजे?" असं कुणी विचारलं की भडकायचे. "मला काय विचारतेस गं? त्या पाण्याला विचार!" शाळेचे थर्मामीटर स्वस्तातले. एकही धड नाही, कुठला पुढं तर कुठला मागं. यांनी प्रत्येकाला कागदाची पट्टी बांधलेली. तीन नंबर, एकानं मागं. सात नंबर, दोननं पुढं. कुंडली मांडल्यासारखं सगळं तोंडपाठ.

माझी तन्वी त्याच शाळेत. दहावीला आली तेव्हा तिनं सायन्सचंच घेतलं मनात, आणि तिच्या आईनं माझा जीव खाल्ला की प्रात्यक्षिकाचे मार्क जाता कामा नयेत. प्रात्यक्षिकाला सहायक कानात पुटपुटतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोन लिटर दूध घेऊन साडूंच्या दारात. "उद्या पोरीवर जरा लक्ष ठेवा," म्हटलं. त्यांनी आधी लॅक्टोमीटर आणला. "तीस! म्हंजे येतं की तुमाला!" मग म्हणाले, "लक्ष तर ठेवणारच. काच फुटून कुणाचा हात कापला तर?" आणि दूध परत माझ्या हातात दिलं. इतका राग आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला लागणारा बर्फ माझ्याच डेअरीतून गेला, म्हणून मला शाळेच्या व्हरांड्यात उभं राहायला मिळालं. खिडकीतून सगळं दिसत होतं. बाहेरून परीक्षक आलेले. शाळेची अब्रू जाऊ नये म्हणून हेडमास्तरांनी सकाळीच त्या सगळ्या पट्ट्या सोडायला लावलेल्या. काचेवरचे नंबर तेवढे राहिले. चिठ्ठ्या टाकून थर्मामीटर वाटले आणि तन्वीच्या नशिबी आला सात नंबर. बर्फ वितळतानाचं तापमान लिहायचं होतं. पोरांनी पुस्तक आठवून धडाधड शून्य लिहिलं. माझी पोरगी त्या नळीकडे बघत बसलेली. मी खिडकीतून साडूंना अंगठा आणि बोट जुळवून शून्य करून दाखवलं, एकदा, दोनदा. सांगा तिला, माझ्या बाबा! त्यांनी पाहिलं, आणि माझ्याकडे चक्क पाठ केली. तन्वीनं लिहिलं, दोन.

परीक्षकांनी तिला पुढं बोलावलं. "बाळ, बर्फ दोन अंशांना वितळतो?"

"नाही सर, शून्यालाच. पण हा थर्मामीटर दोन दाखवतोय. मला दिसलं ते लिहिलं. हाच दोननं पुढं हाय."

घाबरली की तिची भाषा घरची होते. परीक्षकांनी सगळे थर्मामीटर गोळा केले आणि एकाच भांड्यातल्या बर्फात उभे केले. बराच वेळ वाकून बघत राहिले. एकही शून्यावर नव्हता. वर्गभर वह्यांत मात्र शून्यच शून्य! मग ते साडूंकडे वळून म्हणाले, "हिला कुणी शिकवलं?" साडू म्हणाले, "थर्मामीटरनं." आणि तेव्हा कुठं मला दिसलं, खिशातला थर्मामीटर काढून त्यांनी मुठीत गच्च धरला होता. मेला हा माणूस, काळजावर दगड ठेवून उभा होता तिथं!

तिचा एकही मार्क गेला नाही. संध्याकाळी साडूंनी सोडलेल्या पट्ट्यांतली सात नंबरची पट्टी तिला बक्षीस दिली. थर्मामीटर नाही दिला. "ती शाळेची वस्तू हाय." मी डेअरीवर लॅक्टोमीटर टांगला, गिऱ्हाइकानं स्वतः बुडवून बघावा. तन्वी आता बारावी सायन्सला आहे. घरातल्या घड्याळाला तिनं पट्टी लावलीय, पाच मिनिटं पुढं. मलाही एक लावणार होती, पण आकडा मावेना म्हणाली.

यंदा साडू निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली दिली, खिशातला थर्मामीटरही काढून दिला. विज्ञानाच्या नव्या बाईंनी किल्ली खणात न टाकता कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगली, तेव्हा साडूंना जरा बरं वाटलं. पण तो रिकामा खिसा बघून मलाच कसंतरी झालं. इतक्यात तन्वी पुढं गेली आणि त्यांच्या खिशाला एक पट्टी टाचली. 'काका, फरक शून्य.'

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. पेन मागितलं आणि शून्य खोडलं.

"न मोजता लिहिलंस गं," म्हणाले. पण पट्टी काही त्यांनी काढली नाही.