शेषरावांनी नाला शुद्ध केला

“शेषराव, नाला पांढरा का दिसतोय?”

“टीसीएल टाकलंय, साहेब. तुमीच सांगितल्तं.”

जालना जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत मी इंजिनिअर होतो आणि शेषराव आमचे मुकादम. टीसीएल म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर. ती रोज पिण्याच्या पाण्याच्या टाकीत टाकतात. नाला खरा पावसाच्या पाण्याचा, पण गावाचं सांडपाणीही त्यातूनच नदीत जायचं. नदी घाण करू नये, असा नियम दिल्लीत झाला. मुंबईत त्याचं परिपत्रक निघालं. आमच्याकडे पोचेपर्यंत तो शेषरावांच्या घमेल्यात पडला होता.

त्या दिवशी प्रदूषण मंडळाचे अधिकारी नाल्याचा नमुना घ्यायला येणार होते. मुख्याधिकाऱ्यांनी आदल्या दिवशीच मला दम भरला होता. “नमुना फेल झाला तर तुमच्या प्रमोशनची फाईल माझ्या टेबलावरून हलायची नाही.” गटारं वळवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. मी शेषरावांना दोन पोती टीसीएल टाकायला सांगितलं.

“दोनच टाकलीत ना?”

“दोन पोत्यानं नाल्याचं काय व्हतंय? स्टोअरातली समदी टाकली.”

“आणि टाकीत?”

“टाकीत आज काईच न्हाई. तपासणी नाल्याची हाय ना?”

त्यांचं बिलकुल बराबर होतं.

अधिकारी नाकाला रुमाल लावून जीपमधून उतरले. मग रुमाल काढून हुंगत राहिले.

“हा वास कसला?”

“सफाईचा,” शेषराव म्हणाले.

बाटली भरली. मी सुटलो म्हणतोय तोच अधिकारी म्हणाले, “आलोच आहे तर नळाचीही एक बाटली घेतो. जिल्ह्याच्या लॅबला देऊन टाकतो.”

“साहेब, आधी चहा घेऊ.”

“घेऊ की. तोही याच नळाच्या पाण्याचा ना?”

रिपोर्ट आले. नाल्यात जंतू आढळले नाहीत. नळाचं पाणी पिण्यास अयोग्य.

मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. “इंजिनिअरसाहेब, आता गावानं प्यायचं कुठलं?”

मला हसू आलं नाही. नवी पावडर यायला चार दिवस लागले होते. तोवर ‘पाणी उकळून प्या’ म्हणत मी रिक्षातून भोंगा घेऊन गल्लोगल्ली फिरलो होतो. कुणी आजारी पडलं नाही, हे माझं नशीब. लाज मात्र अजून वाटते.

नाल्याबद्दल मला अभिनंदनाचं पत्र मिळालं आणि नळाबद्दल कारणे दाखवा नोटीस. दोन्ही एकाच फाईलला लागली. प्रमोशन दोन वर्षं लांबलं.

तपासणी कशाची आहे, ते साहेब सांगतात. पाणी कोण पितं, ते आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.