क्रोशाची सुई आणि माझा हात

ईरा, काल व्हिडिओ कॉलवर मी तुला क्रोशातला ‘साधा खांब’ हा टाका शिकवत होते. प्रत्येक टाक्याआधी तू सुई दोनतीनदा हलवत होतीस.

‘अगं, सरळ घाल ना!’

‘आजी, तूच तर अशी हलवतेस. आधी हलवायची, मग घालायची.’

मी माझ्या हाताकडे पाहिलं. वर्षभर तो थरथरतो आहे, हे मी तुम्हाला कुणाला सांगितलेलं नाही. आपण मुलांना चांगलं तेवढं निवडून द्यायला जातो. ती दिसेल ते सगळं उचलतात. माझ्या आईनं हाच टाका मला स्थिर हातानं दाखवला होता. तसा दाखवणारं आता कुणी उरलेलं नाही.

‘बरोबर आलं ना, आजी?’

‘आलं गं. पण फोन ठेवू नकोस. पुढची ओळही आजच घेऊ.’