खरवंडीकरांनी बोललेला नवस

दिगंबर खरवंडीकरांनी आयुष्यात स्वतः कधी ताशी चाळीसच्या वर गाडी नेली नव्हती. शनिवार पेठेतून हिंजवडीला ऑफिसात जाताना त्यांची जुनी मारुती इतक्या शिस्तीत चाले की मागचा पीएमटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळायचा. उजवीकडे वळायचं असलं की ते दोन चौक आधीपासून दिवा लावून ठेवत. अशा माणसाच्या पोटी रेसिंग ड्रायव्हर मुलगी जन्माला यावी, हे खरवंडीकरांच्या रक्ताचं काम की नम्रताबाईंच्या माहेरचं, यावर घरात एकमत नव्हतं. मुलगी जिंकली की खरवंडीकर आणि हरली की माहेर, अशी साधी वाटणी होती.

त्यांचा पेशा चुका काढण्याचा. बावीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तिथे त्यांच्या लाल पेनाला कामगार घाबरत आणि साहेब कंटाळत. मग उदारीकरणाचं वारं कारखान्याच्या गेटातून आत आलं आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचं पत्र त्यांच्या टेबलावर पडलं. स्वेच्छा नक्की कोणाची, हे विचारायची सोय त्या पत्रात नव्हती. पण काळ चांगला होता. हिंजवडीत नव्या निघालेल्या एका संगणक कंपनीला, लोक लिहिल्याप्रमाणे काम करतात की नाही हे बघणारा माणूस हवा होता. खरवंडीकरांना संगणक येत नव्हता. ही गोष्ट कंपनीच्या लक्षात यायला चार वर्षं लागली, आणि तोवर ते क्वालिटी मॅनेजर झाले होते.

त्याच कंपनीने दोन हजार साली कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी नगर रस्त्यावरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर सहल काढली. अकरा वर्षांची सृष्टी त्या चिमुकल्या गाडीत बसली आणि तिने बापाच्या ऑफिसातल्या सात इंजिनिअरांना मागे टाकलं. आठवा इंजिनिअर पोटात कळ आली म्हणून उतरलाच नाही. खरवंडीकरांनी जेवणाच्या कुपनामागे तिच्या प्रत्येक फेरीची वेळ टिपून घेतली. घरी आल्यावर त्यांनी एक फाइल उघडली आणि वर लिहिलं, ‘सृष्टी – प्रगती’. त्या संध्याकाळी नम्रताबाईंना वाटलं, मुलीला निदान एक छंद तरी मिळाला. फाइल बघितल्यावर त्यांना कळलं की छंद नवऱ्याला मिळालाय.

सृष्टीची स्वतःची कार्ट आली तसा मेकॅनिक आला. खरवंडीकर आधी इंग्रजी पाट्यांच्या दुकानांतून हिंडले, आणि शेवटी कसबा पेठेत मकसूद तांबोळीच्या दारात येऊन उभे राहिले. मकसूद स्कूटरी दुरुस्त करायचा. कार्टचं इंजिन त्याने पाच मिनिटं चालू ठेवलं, मान वाकडी करून ऐकलं, आणि कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव वळसा फिरवला. पुढच्या रविवारी सृष्टी फेरीमागे अर्धा सेकंद लवकर आली.

“याची नोंद कुठे ठेवता तुम्ही?” खरवंडीकरांनी विचारलं.

“कानात, साहेब.”

हे उत्तर खरवंडीकरांना सहा वर्षं टोचत राहिलं. त्यांनी मकसूदसाठी फॉर्म तयार केले. टायरच्या हवेचा एक, साखळीचा एक, ब्रेकचा एक. मकसूद ते भरायचा, म्हणजे सही करायचा, आणि काम कानाने करायचा. सृष्टी जिंकली की खरवंडीकर फॉर्म फाइलला लावत आणि चारचौघांत सांगत की यश हे शेवटी प्रक्रियेचं असतं. मकसूद शेजारीच उभा असायचा. तो हात पुसत राहायचा. सृष्टी त्याला चाचा म्हणायची आणि गाडीचं काही विचारायचं असलं की त्यालाच विचारायची.

सृष्टी मात्र खरोखर चांगली होती. तेराव्या वर्षी ती कार्टिंगमध्ये विभागात पहिली आली, पंधराव्या वर्षी देशात दुसरी. सोळाव्या वर्षी ती ज्युनिअर मालिकेतल्या उघड्या, एकट्याने बसायच्या गाडीत बसली. त्या गाडीची चाकं बाहेर असतात आणि चालकाचं डोकंही बाहेरच. नम्रताबाईंनी ती पहिल्यांदा बघितली आणि विचारलं, “बाकीची गाडी कधी येणार आहे?” पेठेतल्या मंडळींनी सहा वर्षं ‘मुलीच्या जातीला हे काय’ म्हणून नाकं मुरडली होती. वर्तमानपत्रात फोटो आल्यावर तीच मंडळी ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हणू लागली.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात मालिकेची शेवटची शर्यत कोइंबतूरला होती. मालिका जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत गाडी मिळणार होती, सगळा भार आयोजकांवर. खरवंडीकरांसारख्या पगारदार माणसाच्या मुलीला तिथे जायची दुसरी वाट नव्हती, आणि हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. सृष्टी दुसऱ्या क्रमांकावर होती. शेवटची शर्यत जिंकली तर सगळं तिचं, नाहीतर काहीच नाही.

अशा वेळी बाकीचे बाप मुलीला शांत झोपू देतात. खरवंडीकर चतुःशृंगीला गेले आणि नवस बोलले. मुलगी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करेल, आणि देवीने तिला जिंकवावं.

“अहो, नवस तुम्ही बोललात, तर उपवासही तुम्हीच करा ना,” नम्रताबाई म्हणाल्या.

“गाडी कोण चालवणार आहे?” खरवंडीकरांनी विचारलं. शिवाय त्यांना पित्ताचा त्रास होता.

आता आपल्याकडे उपवासाने वजन कमी झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू, एवढं रिचवून माणूस दसऱ्याला नवी पँट शिवायला टाकतो. सृष्टीनेही तसाच उपवास केला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण खरवंडीकर पडले क्वालिटीचे. खिचडीचा उपवास ही पळवाट आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि सृष्टीला दूध आणि फळं एवढंच मंजूर केलं. स्वतः त्यांनी पित्तामुळे खिचडी खाल्ली. वर तिला बजावलं, की व्रताची बाहेर वाच्यता करायची नसते, केली की फळ जातं. सतरा वर्षांची मुलगी, तिला ती गाडी हवी होती, आणि तिने ऐकलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या शर्यतींत गाडी आणि चालक मिळून किमान किती वजन हवं, हे ठरलेलं असतं. चालक हलका असला तर गाडीच्या तळाला शिशाच्या पट्ट्या बसवून भरपाई करतात. शर्यत संपली की चालकाला गाडीत बसवूनच सगळं काट्यावर घेतात, आणि कमी भरलं तर जिंकलेली शर्यत गेली. सृष्टी आधीच किडकिडीत, त्यामुळे मकसूदने तिला घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं केलं होतं आणि त्या हिशेबाने शिसं बसवलं होतं. घामाने किलो-दीड किलो जाईल म्हणून तेवढं वरही ठेवलं होतं. खरवंडीकरांनी ते वजन फॉर्मवर लाल पेनाने लिहून, खाली सही केली होती.

शनिवारी कोइंबतूरला सरावाच्या वेळी टाकीत पेट्रोल भरपूर होतं, त्यामुळे काटा कसाबसा निभावला. पण मकसूदचे कान उभे राहिले. त्याचा रमजान चालू होता. ओठ सुकले होते, तरी तो तीनदा काट्याकडे जाऊन आला. मग म्हणाला, “साहेब, काहीतरी हलकं लागतंय. सृष्टीला एकदा काट्यावर घेऊ या का?”

खरवंडीकरांनी फाइल उघडली. “हे बघा. वजन, तारीख, सही. नोंद असताना परत मोजायचं म्हणजे नोंदीचा अपमान आहे.”

मकसूदने सृष्टीकडे बघितलं. सृष्टी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिली. तिला बोलायचं होतं. फळ जाईल म्हणून ती बोलली नाही.

रविवारी खंडेनवमी होती. खरवंडीकरांनी सकाळी मकसूदच्या पान्यांना हळद-कुंकू लावलं, गाडीच्या नाकाला झेंडूची माळ घातली, आणि शर्यतीच्या तपासनीसांनी सांगितल्यावर ती काढली. दुपारी सृष्टीने शर्यत जिंकली. साधी नाही जिंकली. तिसऱ्यावरून निघाली, सातव्या फेरीत दुसरी झाली, आणि शेवटच्या फेरीला पुढच्या पोराने वळणावर ब्रेक किंचित लवकर मारला, तेवढ्यात ती आतून निघून गेली. खरवंडीकरांनी ते दृश्य बघितलं नाही. ते डोळे मिटून हात जोडून उभे होते. मकसूदने बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग गाडी काट्यावर गेली. एक किलो दोनशे ग्रॅम कमी.

खरवंडीकरांनी आधी काट्याची चूक काढली. काटा कधी तपासलाय, प्रमाणपत्र दाखवा, असं त्यांनी इंग्रजीतून विचारलं. प्रमाणपत्र दाखवलं गेलं, त्यावरची तारीख परवाची होती. मग त्यांनी जमिनीच्या उताराची चूक काढली. उतार नव्हता. काट्याची नाही, जमिनीची नाही, म्हटल्यावर चूक कोणाची तरी असायलाच हवी, कारण खरवंडीकरांच्या धंद्यात बेवारस चूक चालत नाही. त्यांनी एकदा सृष्टीकडे बघून नजर काढून घेतली, आणि मकसूदकडे बोट करून म्हणाले,

“मेकॅनिकने शिसं कमी बसवलं असणार. त्याचा रोजा आहे. दिवसभर पोटात पाणी नाही, लक्ष कसं राहणार कामावर?”

मुख्य तपासनीस मकसूदकडे वळले. मकसूद खाली वाकला, एक एक पट्टी सोडवली आणि काट्यावर ठेवली. फॉर्मवर होतं तेवढंच शिसं भरलं, एक ग्रॅमही इकडेतिकडे नाही. तो एवढंच म्हणाला, “कालच विचारलं होतं मी.”

तेव्हा सृष्टी पुढे झाली. “उपवास माझाही आहे,” ती म्हणाली. “नऊ दिवस झाले. मी चाचांना सांगितलं नव्हतं.” आणि कोणी न सांगता ती स्वतः काट्यावर जाऊन उभी राहिली. फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा ती पावणेतीन किलो कमी होती. तपासनीसांना मराठी येत नव्हतं, पण काटा वाचता येत होता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गाडीला लाल फीत बांधली. मालिका दुसऱ्या पोराची झाली.

“अगं पोरी,” मकसूद सृष्टीला म्हणाला, “आठवडाभर आपण दोघं उपाशी एका गाडीवर काम करतोय, आणि मलाच माहीत नाही? सांगितलं असतंस तर दोन पट्ट्या वाढवल्या असत्या. दहा मिनिटांचं काम.” मग सूर्य बुडेपर्यंत तो सामान भरत राहिला. रोजा सोडायला खजुराची पुडी फोडल्यावर त्याने पहिला खजूर सृष्टीच्या हातावर ठेवला, आणि तिने उपवास तिथेच सोडला.

खरवंडीकर परतीच्या प्रवासात सांगत राहिले की देवीच्या मनात काही वेगळं असेल. मकसूदची माफी मागावी असं त्यांच्या मनात दोनदा आलं, पण ती कोणत्या नमुन्यात मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पेठेतल्या मंडळाने अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच छापून ठेवला होता. तो वाया जाऊ नये म्हणून खाली ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी चिठ्ठी चिकटवून दसऱ्याला लावण्यात आला. खरवंडीकरांचा सत्कारही झाला. भाषणात ते प्रक्रियेवर बोलले.

जानेवारीत कोइंबतूरच्या एका संघाचं पत्र आलं. संघाच्या मालकाने शेवटची ती फेरी बघितली होती. आशियाई स्पर्धेचं नाही, पण देशातल्याच वरच्या वर्गाच्या गाडीचं बोलावणं होतं, आणि मेकॅनिक म्हणून मकसूदलाही. सृष्टीला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते, म्हणून करारावर पालकाची सही हवी होती. खरवंडीकर चष्मा पुसून बसले आणि लाल पेन घेऊन चौदा पानं वाचू लागले. अकराव्या कलमापाशी पेन थांबलं. चालकाचे आईवडील शर्यतीच्या जागी येणार नाहीत, तयारीत, खाण्यापिण्यात आणि नोंदींत हात घालणार नाहीत, असं तिथे लिहिलं होतं.

त्यांनी ताबडतोब कोइंबतूरला फोन लावला आणि हे कलम अपमानास्पद आहे, ते काढून टाका, असं कडक शब्दांत सांगितलं. पलीकडचा माणूस नम्र होता. कलम आमचं नाही, तो म्हणाला. आपल्या मुलीने घालायला लावलं. त्याशिवाय ती सही करणार नाही म्हणते.

सृष्टी समोरच बुटाची नाडी बांधत होती.

“हे तू सांगितलंस?” खरवंडीकरांनी विचारलं.

“हो.”

“एका उपवासापायी?”

“उपवासाचं काही नाही, बाबा. तो मीही केला,” सृष्टी म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं मी उपाशी आहे. आणि तुम्ही सगळ्यांसमोर चाचांचा रोजा काढलात.”

स्वयंपाकघरात नम्रताबाईंनी मिक्सर बंद केला. खरवंडीकरांनी अकरावं कलम पुन्हा एकदा वाचलं. मग लाल पेन खाली ठेवलं, खिशातलं निळं काढलं, आणि पालकाच्या जागी सही केली.

सृष्टीने कागद पिशवीत घातला आणि ती कसब्यात गेली. मकसूदची सही राहिली होती.