काठोकाठ भरलेली हार्ड डिस्क

तमाम वणीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या तालुक्यात हार्ड डिस्क पास की नापास हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. तो मला कुणी दिलेला नाही. मी घेतला आहे.

आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. कॅमेरा नवऱ्याच्या हातात, बाकी कारभार माझ्या. इतक्या वर्षांची लग्नं कपाटात, लहान लहान जुन्या डिस्कवर. लोक आपली कॉपी हरवतात आणि कधीतरी दारात उभे राहतात, "ताई, आमचे बाबा नाचले होते, तेवढं द्या नं." ते बाबा आता फक्त आमच्या कपाटात नाचत असतात.

यंदा नवरा म्हणाला, सोळा टीबीची एकच डिस्क घेऊ, सगळं तिच्यात टाकू आणि जुन्या पुसून वापरू.

पुसून! मी तडक कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

दुकानदार ओळखीचा, त्याचंही लग्न आम्हीच शूट केलेलं. त्यानं डबा प्रसादासारखा पुढे केला. आतली डिस्क काडेपेटीहून थोडी मोठी, वजनाला पापड.

"भाऊ, हे भरून दाखवा."

"म्हंजे?"

"काठोकाठ. माठ घेतला का आंधी पाणी भरून ठेवा लागते. गळला, का वापस."

"अवो ताई, डब्ब्यावर सोळा लिहून हाय नं! कंपनी काय खोटं बोलून राह्यली?"

"माठवालीबी हेच म्हणते."

"दिवसचे दिवस लागतीन! मी धंदा करू का लग्नं भरू?"

"दोन्ही करा. मी हाय इथंच."

आणि बसले. रोज जुन्या डिस्कची पिशवी आणि जेवणाचा डबा घेऊन शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर. आलेल्या गिऱ्हाइकाला मीच दबक्या आवाजात सांगे, "परीक्षा चालू हाय, हळू बोला." नवऱ्याचा फोन आला, "घरी ये, लोक हसून राह्यले." म्हटलं, "हसू द्या. तिकीट कुठं लावलं?"

दुकानदार रुसला. "ताई, माह्यावर भरवसा नाही तुमचा?"

"तुमच्यावर हाय. डब्ब्यावर नाही."

शेवटी डिस्क भरली. सगळ्या लग्नांची नावं पंगतीला बसल्यासारखी ओळीनं दिसत होती. दुकानदारानं मिशीवर हात फिरवला. "पाहा! भरली का नाही?"

"भरली. आता भरलेलं आत राह्यलं का, ते पाहू. सगळ्यात आंधी टाकलेली फाइल खोला."

ती मी मुद्दाम निवडली होती. त्याचंच लग्न.

त्यानं क्लिक केलं. काळा पडदा. पुन्हा केलं. काळाच. पुढचं लग्न, त्याच्या पुढचं, तेही काळं. आतून डिस्कमध्ये जागा एवढीशीच होती. नवं लग्न आलं की जुनं गुपचूप पुसून त्याच्या जागेवर नवं बसवत होती, आणि वर नाव तेवढं ठेवत होती.

मूळ लग्न माझ्या पिशवीत सुखरूप होतं. पण त्या घटकेला त्याला ते कुठे सुचायला? गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तो ओरडला,

"ओ ताई, माही बायको कुठी गेली?"