वॉकरपुरती वाट

डॉक्टरांचा प्रश्न साधा होता. "घरी पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर जाईल ना?" बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि आणखी पाच दिवसांनी ते घरी येणार होते. मी "हो हो, जाईल की" म्हणून टाकलं. संध्याकाळी बोरिवलीला आईबाबांच्या घरी गेले, आईच्या शिवणाच्या टेपने पॅसेज मोजला. वॉकर जाणं सोडाच, त्या पॅसेजमधून आम्ही माणसंसुद्धा इतकी वर्षं तिरकी होऊन जात होतो आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आतल्या खोलीतून निघून बाथरूम आणि पुढे स्वयंपाकघर, अशी ती चिंचोळी वाट. तिच्या एका बाजूला कपाट. दुसऱ्या बाजूला रद्दी, फोल्डिंगची कॉट, प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड, आणि मी बाबांच्या पंचाहत्तरीला हौसेने आणून दिलेली व्यायामाची सायकल. तिच्यावर पहिल्या आठवड्यापासून टॉवेल वाळत होते. बाबा पडले तेही इथेच, रद्दीच्या गठ्ठ्यात पाय अडकून.

हॉस्पिटलात बाबांनी नवीनच काढलं होतं. पाणी प्यायचं नाही. फिजिओथेरपिस्ट दिवसातून दोनदा त्यांना उभं करून चार पावलं चालवायची, बाकी सगळा वेळ बेडपॅन. तो घेऊन वॉर्डातल्या मावशी आल्या की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. मग त्यांनी हिशेबच बदलला. प्यायलोच नाही तर मागायलाच नको. ओठ सुकलेले, डॉक्टर ओरडतायत, आई चमच्याने पाजायला बघतेय आणि हे दात घट्ट मिटून पडलेले. मी जरा आवाज चढवला तेव्हा म्हणाले, "घरी मी माझा माझा जाणार असेन तरच मला घरी न्या. नाहीतर इथेच राहू द्या." हे त्यांनी अगदी छापील मराठीत सांगितलं, म्हणून मी घाबरले. बाबा मूळचे मालवणकडचे. खुशीत असले की मालवणी बोलतात, शिव्याही मालवणीतच देतात. शुद्ध बोलायला लागले की समजायचं, आत काहीतरी फार दुखावलंय.

मी तापट आहे. घाटकोपरला माझ्या सासरी विचारा, पुरावे देतील. त्या रात्री आईवर मी नको तितकी चिडले. "हे सगळं कशाला जपून ठेवलंस तू? एवढं सामान घेऊन कुठे जायचंय?" ती रद्दीचा गठ्ठा उचलून दाराबाहेर ठेवून आली. मग मलाच लाज वाटली. ती सायकल तिने थोडीच आणली होती.

ऑफिसात पाच दिवसांची रजा टाकली आणि विकायला बसले. भंगारवाल्याला देऊन मोकळं होता आलं असतं, पण बाबांसाठी दिवसभराची बाई ठेवावी लागणार होती, तिच्या पगाराला पैसे हवे होते. शिवाय पॅसेज मोकळा करायचा तर तिथलं सामान खोल्यांत जाणार, म्हणजे आधी खोल्या रिकाम्या करायला हव्यात. आईच्या पलंगाच्या पेटीतून खोक्यातले तीन कुकर निघाले, एक फुलाफुलांचा डिनर सेट निघाला, आणि स्टीलची इतकी पातेली निघाली की त्यात आख्ख्या बिल्डिंगचा भात शिजला असता. मी फोटो काढून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला लागले, तर आई मध्ये आली.

"पातेल्यांचे फोटो ग्रुपवर नको गं. नावं आहेत त्यांवर."

आमच्याकडे लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात. निम्मी भांडी याच सोसायटीतून आलेली, आणि देणारी माणसं अजून वरच्या-खालच्या मजल्यांवर राहतात. शेवटी आईने प्रत्येक पातेलं नाव भिंतीकडे करून मांडलं आणि मग मी फोटो काढले. आरोपी तोंड लपवून उभे असावेत तशी ती रांग दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यातली चार पातेली उचलली, फिरवून नाव वाचलं, म्हणाल्या, "अय्या, हे तर मीच दिलेलं," आणि पैसे देऊन घेऊन गेल्या. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र हसू आवरेना.

अ‍ॅपवरची जनता वेगळीच. एकाने खोक्यातल्या, उघडलेल्याही नाही अशा कुकरबद्दल विचारलं, "चालू कंडिशन है क्या?" दुसरा नमस्कार-चमत्कार न करता एकच शब्द लिहायचा, "लास्ट?" म्हणजे शेवटचा भाव काय. सायकल न्यायला मरोळहून एक गृहस्थ आले, बसून दोन पॅडल मारली, खूश झाले. आता त्यांचेही टॉवेल छान वाळत असतील. एकेक वस्तू दाराबाहेर पडत होती तसतसा माझा श्वास मोकळा होत होता. आईने शेवटपर्यंत "अगं, लागलं तर?" हा मंत्र सोडला नाही, पण तिचा आवाज रोज थोडा बारीक होत गेला.

राहिलं कपाट. तीस वर्षांपूर्वी बाबांनी गावचा सुतार बोलावून घरातच करून घेतलेलं, छताला टेकेल इतकं उंच, सागाचं. सुतार तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये झोपायचा. बाबा मरोळच्या कारखान्यात फिटर होते. ड्युटीवरून आले की कपडेही न बदलता ते त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे आणि प्रत्येक सांध्यावरून वाद घालायचे. कपाट झाल्यावर आलेल्या-गेलेल्याला ते दाखवायचे, दार उघडून, बंद करून, पुन्हा उघडून.

"ते विकलंस तर त्यांना काय सांगायचं?" आईने विचारलं.

"आत्ता काहीच सांगायचं नाही," मी म्हटलं. "घरी आले की दिसेलच." शूरपणाचा आव आणला, पण खरं तर मला त्यांची भीती वाटत होती. एकीकडे बाथरूमची वाट आणि दुसरीकडे त्यांचं हे कपाट. त्यांना न विचारता मी ठरवून टाकलं होतं, आणि पाणी सोडून पडलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याची लाडकी वस्तू विकायची म्हणजे चोरीच वाटत होती.

गिऱ्हाईक मिळालं ते नशिबाने. मालाडला ब्लाउज शिवायचं दुकान चालवणारी एक बाई. कापडं, अस्तरं ठेवायला तिला असंच भक्कम काहीतरी हवं होतं. बघायला आली ती स्वतःची टेप घेऊनच. कपाटाची उंची मोजली, रुंदी मोजली, सागावर टिचकी मारून बघितली, फार घासाघीसही केली नाही. बाबा घरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आणि दोन हमाल घेऊन हजर झाली. मी पॅसेज मोजला होता, तिने कपाट मोजलं होतं. पॅसेजच्या तोंडाशी असलेला बीम दोघींनीही मोजला नव्हता.

कपाट उभं बाहेर निघेना, बीमला अडलं. आडवं करायला गेले तर वरचं टोक छताला आणि खालचं समोरच्या भिंतीला जाऊन घट्ट बसलं. हमालांनी जोर लावला, प्लॅस्टर पडलं, कपाट हललं नाही. पूर्वी निदान तिरकं होऊन जाता तरी येत होतं, आता तेही नाही. आई पलीकडे स्वयंपाकघरात अडकली. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट समजलं.

ती बाई कमरेवर हात ठेवून वर-खाली बघत म्हणाली, "ताई, एक विचारू? घरात कपाट केलं की कपाटाभोवती घर बांधलं?"

एक हमाल म्हणाला, "काट देते हैं ना, दो टुकडा." बाई म्हणाली, "कापलेलं कपाट मला नको. लाकूड घ्यायचं असतं तर वखारीत गेले असते." तिचं बरोबरच होतं. टेम्पोवाला खालून हॉर्न मारत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अँब्युलन्स येणार होती आणि बाथरूमच्या दारासमोर हे धूड अडकून बसलं होतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी ओरडते, तशी हमालांवर ओरडले.

तेवढ्यात कपाटापलीकडून आईचा आवाज आला, अगदी शांत. "त्यांना फोन लाव."

"आई, त्यांना माहीत नाहीये."

"मग सांग. ते कपाट ओळखणारं दुसरं कोण आहे?"

हॉस्पिटलातल्या मावशींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन बाबांसमोर धरला. चार दिवसांत चेहरा आणखी लहान झाला होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कपाट विकलं, तुम्हाला विचारलं नाही, वॉकर जात नव्हता, आता ते अडकलंय. मग फोन फिरवून दाखवलं. मी त्या शुद्ध मराठीची वाट बघत उभी राहिले.

"फोन वर घे," ते म्हणाले. "आणखी वर. गाढवांनो, ता एकसंध नाय आसा."

माझा जीव भांड्यात पडला. कपाटाचं काय ते पुढे बघू, बाबा मालवणीत बोलले होते.

पुढची वीस मिनिटं हॉस्पिटलच्या पलंगावरून त्यांनी आम्हाला नाचवलं. मधल्या कप्प्यात मागच्या बाजूला एक पट्टी आहे, ती सरकव. तिच्या पाठी चार बोल्ट. पाना ओट्याखाली बिस्किटांच्या डब्यात. तो आईने पलीकडून कपाटाशेजारच्या फटीतून माझ्या हातात दिला. हमालाने उलटा फिरवला तर बाबा हॉस्पिटल दणाणेल असे ओरडले, आणि पाठीमागून कुणीतरी "काका, हळू" म्हटलेलं ऐकू आलं. शेवटचा बोल्ट निघाला तसा वरचा भाग अलगद सुटला, मग मधला. तीस वर्षं अखंड वाटलेलं कपाट तीन सुटसुटीत खोकी होऊन हॉलमध्ये उभं राहिलं. आई पॅसेजमधून चालत बाहेर आली, सरळ, खांदा न वळवता.

"बाबा, असं का करून घेतलं होतं तुम्ही?" मी विचारलं.

"सुतार म्हणी, एकसंधच करूया. मी तेका तेव्हाच सांगितलंय, घरात इलेली वस्तू एक दिवस भायर पण जातली. दार काय वाढूचा नाय."

"राग नाही ना आला?"

"तुका काय वाटला, लाकडासाठी रडतलंय?" मग म्हणाले, "तेंका फोन दे." त्या बाईला त्यांनी उलट क्रमाने जोडणी समजावली, बोल्ट पिशवीत बांधून घ्यायला लावले आणि दुकानाची भिंत ओली आहे का ते विचारलं. तिने मान खाली घालून, विद्यार्थिनीसारखी सगळी उत्तरं दिली. जाताना मला म्हणाली, "तुमचे बाबा भारी आहेत हां."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. तासभर पलंगावर पडून राहिले, आईने दिलेला चहा संपवला, वर तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, "वॉकर हाड." मी वॉकर आणून दिला आणि हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग दुसरा. पॅसेजमध्ये भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक फिकट चौकोन राहिला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष पावलांवर होतं. वॉकरच्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर जागा उरत होती. मी दोन्ही हात पसरून त्यांच्या मागून चालत होते, आई माझ्या मागून.

बाथरूमच्या दाराशी ते थांबले, वॉकर आत घेतला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"आत येतंस काय?"

मी मागे सरले. त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. आईने पदर तोंडात धरला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच मला कुणाचाही राग येत नव्हता. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"पडले तर?" आई कुजबुजली.

"नाही पडणार."

आतून आवाज आला. "गेलात काय गो थयसून?"

"गेलो," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि तिथेच उभ्या राहिलो.