बटणांची रांग कोण फिरवतं?

काकांना सारा बाजार 'दुर्बीण' म्हणतो, आणि उगाच म्हणत नाही; संशय त्यांना लांबूनच दिसतो. शिलाईच्या दुकानात दोघं भाऊ. काका कापड बेततात, माझे बाबा शिवतात. एकदा काकांची कात्री हरवली आणि आळ आला बाबांवर. कात्री काकांच्याच पिशवीत निघाली, पण तोवर अबोला पडला तो पडलाच.

काकांचं मन रमावं म्हणून मी त्यांना संगणकावरचा एक खेळ चौकटीच्या कापडावर बटणं मांडून शिकवला. भोवतालच्या आठ घरांत दोन किंवा तीन बटणं असली तर बटण जगतं. कमी असली तर एकटेपणानं मरतं, जास्त असली तर गुदमरून. रिकाम्या घराभोवती नेमकी तीन असली की तिथं नवं जन्मतं. सगळ्या घरांना हे नियम एकदम लावले की एक डाव. तीन बटणांची आडवी रांग एका डावात उभी होते, पुढच्या डावात पुन्हा आडवी, आणि हे असंच चालू राहतं. काका खूश. घरी निघताना रोज एक डाव.

मग माशी शिंकली. संध्याकाळी उभी केलेली रांग सकाळी आडवी! सकाळी दुकान बाबा उघडतात, त्यामुळे दुसरं नाव शोधायलाच नको.

"माझा डाव मोडतोय तो," काका मला म्हणाले.

"वाऱ्यानं हलली असतील."

"वारा घरं मोजून येतो होय? उद्या गवंडी येतोय. मधोमध भिंत घालणार."

मी पुन्हा रांगेकडे पाहिलं. मग एकदम लक्षात आलं. "काका, या रांगेत डाव मोडून मागे नेला काय आणि पुढे खेळला काय, दिसणार सारखंच!"

"बापाची बाजू घे तू," ते फणकारले. पण संशय त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी नवीन मांडणी केली: तीन बटणं आडवी, मधल्याखाली एक. एक डाव खेळल्यावर सात झाली.

"मोडलं तर पुन्हा चार दिसतील. पुढे खेळलं तर सहा. बघूच आता!"

सकाळी गवंडी घमेलं घेऊन दारात हजर. कापडावर सहा बटणं होती, एकही चुकीच्या घरात नाही. काकांनी वाकून एकेक घर पुन्हा मोजलं. मग अबोला मोडला, तोही संशयानंच.

"तुला नियम कोणी शिकवले?"

बाबांनी मशीन थांबवलं. "कोण शिकवणार? रोज तुझ्या हातांकडे बघत असतो, दादा."

"भिंत कुठून धरू?" गवंड्यानं विचारलं.

"थांब रे जरा," काका म्हणाले. त्यांनी एक बटण उचललं. "माझी पाळी आहे."