आठ सेकंदांची गाडी, पंधरा मिनिटांची गाडी

मराठीत ‘बघू’ म्हणजे नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नाला याल ना? बघू. चहाला या की एकदा. बघू. ऐकणारा काय ते समजतो आणि कुणाचं मनही दुखत नाही. मी या शब्दाचं जपानीत सरळ भाषांतर केलं आणि अडकले.

तोक्योजवळ ग्योतोकुत मी राहते त्या बिल्डिंगच्या मागे एक जुनं दोनमजली घर आहे. खाली शटरचं गॅरेज, वर ऐंशी ओलांडलेले एकटे आजोबा. आमची ओळख कचऱ्यावरून झाली. मी चुकीच्या वारी प्लास्टिक घेऊन उतरले की ते पिशवी उचलून परत माझ्या हातात द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, काम काय करतेस? म्हटलं, गाड्यांचं सॉफ्टवेअर. तेवढं पुरलं. त्यांच्याकडेही एक गाडी होती, रविवारी दहा वाजता ते ती चालू करायचे, बघायला येशील का म्हणाले. मला रविवारी झोपायचं होतं. मी गोड हसून ‘मितेमिमास’ म्हणाले. माझ्या मनात ते ‘बघू’ होतं. जपानीत त्याचा अर्थ होतो, येऊन बघते.

रविवारी सव्वादहाला बेल वाजली. दारात आजोबा, हातात तेलकट फडकं, चेहऱ्यावर काळजी. "बरं नाही का? दहापासून वाट बघतोय." मला इतकी लाज वाटली की होते त्या कपड्यांवर जॅकेट चढवून मी त्यांच्यामागे निघाले.

गॅरेजात शिरल्यावर आधी पेट्रोलचा वास आला, मग गाडी दिसली. साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार, गडद निळी, बॉनेट एवढं लांब की त्यावर दोन माणसं आरामात झोपतील. स्टिअरिंग डावीकडे, इंजिन आठ सिलिंडरचं. समोरची भिंत बंपरपासून वीतभर लांब आणि माझं दार जेमतेम उघडणारं, म्हणजे आत बसायचं तर पोट आत ओढून सरपटायचं. शेजारी आवाजाची तक्रार करतात म्हणून शटर अर्धं खाली. धूर बाहेर जावा म्हणून सायलेन्सरला एक जाड नळी जोडून ती शटरखालून मागच्या मोकळ्या जागेत सोडलेली. आजोबा बॉनेटमध्ये डोकं घालून कार्ब्युरेटरला कान लावणार आणि मी आत बसून त्यांच्या बोटाच्या खुणेवर ॲक्सिलरेटर दाबणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हे काम पूर्वी त्यांचा मुलगा करायचा. तो आता ओसाकाला असतो.

तर दर रविवारी पंधरा मिनिटं मी त्या गाडीचा उजवा पाय झाले. सुटायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला मला एकच शब्द येत होता आणि तो तर उलटा पडला होता.

गाडी रस्त्यावर यायची नाही. तिच्या सक्तीच्या तपासणीची मुदत कधीच संपलेली आणि आजोबांनी आपलं लायसन्स स्वतः जाऊन परत केलेलं. इथे म्हातारी माणसं तसं करतात, कुणाला धक्का लागायच्या आत. गाडीत बिघाड नव्हता, माणसातही फारसा नव्हता, तरी दोघं त्या शटरमागे बंद.

माझी गाडी निराळी. माझी म्हणजे जिच्यावर मी तोक्योतल्या कोतो भागातल्या ऑफिसात काम करत होते ती. ही कारखान्यातूनच ड्रॅग रेससाठी तयार होऊन निघते. तिला नंबरप्लेट मिळत नाही, मागची सीट नसते, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि मागे थांबवायला पॅराशूट. पाव मैल सरळ धावायचं, आठ-साडेआठ सेकंदांत संपवायचं, की पुन्हा ट्रेलरवर. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या टेबलावर तिचा फक्त मेंदू होता, ॲल्युमिनियमचा एक डबा आणि वायरींचा गुंता. त्यात ट्रान्सब्रेक नावाचा प्रकार असतो. बटण दाबून धरलं की पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही एकदम पडतात. इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असतं आणि गाडी जागच्या जागी थरथरते. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उडी मारते. तो वेळेवर सुटतो की नाही हे तपासणं हे माझं काम. दिवसभर दाबायचं, सोडायचं, स्क्रीनवरची रेघ बघायची. आवाज नाही, वास नाही.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोकं बॉनेटमधून बाहेर काढलं.

"आठ सेकंद. आणि मग घरी कशी जाते?"

"ट्रेलरवरून."

"बिचारी," ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी म्हणे अमेरिकेत ही अशी गाडी कोणीही शोरूममधून घ्यायचा, सोमवारी तिनेच कामावर जायचा आणि शनिवारी तिलाच शर्यतीत पळवायचा. वळणावर ती डगमगते, ब्रेक देवाच्या भरवशावर, आजची घरगुती इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला तिला सहज मागे टाकेल. पण ती भाजी आणायलाही जायची.

"तुमची तरी कुठे जाते आता?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. आजोबा खूप हसले आणि म्हणाले, थोडं जास्त दाब.

खरं तर मी चिडले होते ते स्वतःवर. अडीच वर्षं मी घरी गेले नव्हते. चिंचवडला बाबा एकटे. त्यांनी सगळी नोकरी इंजिन टेस्टिंगला काढली, कानात बोळे न घालता. त्या काळी कोण घालायचं! आता कान निकामी होत चालले होते. डॉक्टर म्हणाले, मशीन लवकर बसवा. उशीर केलात तर शब्द ओळखायची सवय जाते, मग मशीनचाही उपयोग नाही. बाबा मशीन घ्यायला तयार होते, पण एका अटीवर. "दुकानातला तो पोरगा काय बोलतो मला समजत नाही. तू ये, तू शेजारी बस, मग बसवू." दर फोनला विचारायचे, कधी येतेस? आणि मी म्हणायचे, बघू.

कारण गाडीची ट्रॅकवरची चाचणी अमेरिकेत व्हायची होती, तोवर कोणी हलायचं नाही असा दंडक, आणि चाचणीची तारीख चार वेळा पुढे गेली होती. दर वेळी मी मॅनेजरना विचारायचे, रजा मिळू शकेल का? ते म्हणायचे, ‘मुझुकाशी’. कठीण आहे. कठीण म्हणजे नाही, एवढं जपानी मला येत होतं. व्हिसा या नोकरीवर, घर या नोकरीवर. मी मान डोलावून पुन्हा बटणाकडे जायचे.

एका रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल नेमका गॅरेजात असताना आला. मी फोन बॉनेटकडे धरला. बाबांनी डोळे मिटले आणि मान वाकडी करून ऐकत राहिले.

"एक सिलिंडर मिसिंग मारतोय," ते म्हणाले. "प्लग बघायला सांग त्यांना."

आजोबांनी एकेक प्लग काढला. सातवा काळा निघाला. दोन म्हातारे एकमेकांची भाषा न समजता स्क्रीनवर वाकवाकून नमस्कार करत बसले. मी कौतुकाने काहीतरी बोलले, तर बाबांनी कानामागे हात धरला.

"काय? अगं, गाडी किती स्वच्छ ऐकू येते. तूच येत नाहीस."

जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात, आधी जातात ती शब्दांची टोकं, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्या क्षणी मी फक्त ‘तूच येत नाहीस’ ऐकलं. मला रडू आलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच राहिला. आजोबा ओरडले, पुरे, पुरे!

मार्च संपताना आजोबांनी सांगितलं, घर सोडतोय, वृद्धाश्रमात जागा मिळाली. गाडी एका संग्राहकाला दिली, पुढच्या रविवारी ट्रेलर येईल. त्या दिवशी येशील का, हे विचारायला त्यांनी माझ्यासमोर मुलाला फोन लावला. स्पीकरवर मुलगा म्हणाला, "इकेतारा इकु." जमलं तर येतो.

फोन ठेवून आजोबा म्हणाले, "ओसाकात असं म्हटलं की कोणी येत नसतं. आठ वर्षं हेच म्हणतोय." मग माझ्याकडे बघून, "तू म्हणालीस, येऊन बघते. इतकं सरळ मला बऱ्याच वर्षांत कोणी बोललं नव्हतं. म्हणून तर त्या दिवशी घाबरून बेल वाजवली."

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी पण तेच म्हणाले होते, आजोबा. मी त्या मुलापेक्षा काडीचीही बरी नव्हते.

सोमवारी मी मॅनेजरसमोर उभी राहिले. रजा मिळेल का असं विचारलं नाही. म्हटलं, आठ तारखेपासून दोन आठवडे मी सुट्टीवर आहे. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि ते म्हणाले, "बरं. मग चाचणीचं काम कुणाकडे देता?" बस, एवढंच. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, आणि ते आनंदाने नव्हे. अडीच वर्षं मला तिथे कुणीच धरून ठेवलं नव्हतं, या विचाराने माझा संताप संताप झाला.

रविवारी शटर पहिल्यांदा पूर्ण वर होतं. आत एवढा उजेड कधी नव्हता, निळ्या रंगावरचे सगळे ओरखडे दिसत होते. दारात ट्रेलर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. आजोबा रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मुलगा आला नाही. शेवटी ते म्हणाले, एकदा पंधरा मिनिटं चालवू आणि मग नेऊ दे.

मी सरपटत आत शिरले आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, मी येतेय! आठ तारखेला! तिकीट काढलंय!"

बाबा स्क्रीनवर हसले. ते हसू मला पाठ आहे, न ऐकता दिलेलं.

"हो हो. सवडीने बघ. घाई नाही."

"बाबा, ‘बघू’ नाही म्हणाले मी! येतेय! मी येतेय!"

"अगं, ओरडतेस कशाला? कळलं," बाबा म्हणाले. "‘बघू’ म्हणालीस ना. ते मला ऐकू येतं. आता ती गाडी चालू कर."

आजोबांनी बॉनेटमधून बोटाने खूण केली, आणि मी पाय दाबला.